बॉलनोजने वक्र पृष्ठभाग गुळगुळीत काढताना

होडीच्या पंख्याचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) असो की फायबर होडीचा साचा, बॉलनोजच्या, म्हणजे गोल टोकाच्या मिलिंग कटरच्या, दोन फेऱ्यांमध्ये बारीक कंगोरा उरतोच. त्याची उंची काढायची तर स्टेपओव्हरच्या (दोन फेऱ्यांमधल्या अंतराच्या) वर्गाला कटरच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. 10 मिमी व्यासाचा कटर आणि 0.5 मिमी स्टेपओव्हरला कंगोरा साधारण 6 मायक्रॉन येतो, 0.3 मिमीला 2 च्या थोडा वर. त्रिज्या वाढली की कंगोरा घटतो, म्हणून खोबणीत मावेल तेवढा मोठा कटर घ्या. प्रति दात फीड (एका दातामागे कटर पुढे सरकतो ते अंतर) स्टेपओव्हरपेक्षा जास्त नको, नाहीतर तेच कंगोरे दुसऱ्या दिशेने उमटतात.

खरी गोम कटरच्या टोकाशी आहे. मध्यबिंदूला वेग शून्य, त्यामुळे तिथे धातू कापला न जाता घासला जातो. 0.2 मिमी खोलीवर 10 मिमी कटरचा प्रत्यक्ष कापणारा व्यास 2.8 मिमीच भरतो. आरपीएम त्यावरून काढा, 10 वरून नाही. कटर 15 अंश कलता ठेवला तर हाच व्यास 5.2 होतो. थ्री-ॲक्सिस मशीनवर कटर कलत नाही, तिथे जॉबखाली तिरका फिक्स्चर (जॉब धरणारा आधार) द्या. फरक लगेच दिसतो.

फिनिशिंगला सगळीकडे सारखा 0.2 मिमी माल ठेवा. कमीजास्त असेल तर कटर कमीजास्त वाकतो आणि पट्टे पडतात. कॅममधला (कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) टॉलरन्स, म्हणजे मूळ वक्रापासून चालणारा फरक, 0.005 मिमी असू द्या, ढिला ठेवल्यास वक्रावर पैलू चमकतात.

रत्नागिरी, मालवणसारख्या खाऱ्या हवेत बिडाच्या किंवा स्टीलच्या ताज्या पृष्ठभागावर गंज फार लवकर धरतो. जॉब उघड्या हाताने धरू नका. कूलंट पुसून लगेच गंजरोधक तेल लावा, मापे नंतर घ्या.