ओली शाई, आडवा कागद: हातानं पुस्तक करताना या चुका टाळा

गेल्या वर्षभरात मी नऊ छोटी पुस्तकं केली. लिनोवर (लिनोलियमच्या कोरता येणाऱ्या तुकड्यावर) चित्रं कोरली, हातानं छापली, जुज म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे शिवले, पुठ्ठे चढवले. त्याच वर्षात, नव्यानंच या उद्योगाला लागलेल्यांचे फोटो माझ्याकडे येत राहिले. फोटो वेगवेगळे, खाली प्रश्न एकच: ‘असं का झालं?’ पुठ्ठा होडीसारखा वाकलाय, पान सपाट पडत नाही, अक्षरं उलटी आलीत. पहिल्या दहा जणांना मी मायेनं उत्तरं दिली. आता माया आटत चालली आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यातली एकही चूक ऐकीव नाही, सगळ्या माझ्या हातून झालेल्या आहेत.

शाई वाळायच्या आत पुस्तक बांधणं

हिनं मला सगळ्यात जास्त रडवलं, म्हणून हिचा मान पहिला.

चोवीस प्रतींचं पुस्तक होतं, प्रत्येक प्रतीत सहा लिनोचे ठसे. शाई काळी, तेलाची. छापलेले कागद दोरीला चिमट्यांनी टांगले आणि चौथ्या दिवशी बोट लावून पाहिलं. बोट स्वच्छ. म्हटलं, वाळलं की! पुढच्या दोन दिवसांत चोवीसच्या चोवीस प्रती शिवल्या, चिकटवल्या, फळ्यांच्या मधे ठेवल्या, वर घरातलं हाताला लागेल ते वजन रचलं आणि निवांत झोपले. सकाळी पहिली प्रत उघडली तेव्हा चिकटपट्टी सोडवताना येतो तसा बारीक आवाज आला. समोरच्या कोऱ्या पानावर त्याच चित्राची करडी सावली, उलटी. दुसऱ्या प्रतीत तोच आवाज. सहाव्या प्रतीनंतर मी उघडायचंच थांबले.

झालं होतं असं, की तेलाची शाई पाण्यासारखी उडून जाऊन वाळत नाही. तिच्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. आधी वर साय धरते. बोटाला ती साय लागते आणि आपण फसतो, खालचा थर मात्र मऊच असतो. असा कागद पुस्तकात कोंडला, की हवा बंद होते आणि वरून वजन पडतं. मग शाई समोरच्या पानावर जाणार नाही तर कुठे जाईल?

चोवीसातल्या पाच प्रती वाचल्या. का वाचल्या, ते नंतर लक्षात आलं. त्या मी सगळ्यात शेवटी छापल्या होत्या. काचेवरची शाई तोवर संपत आली होती आणि नवी काढायचा मला कंटाळा आला होता, त्यामुळे त्यांच्यावर थर पातळ बसला. आळसाचं एवढं रोख फळ मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळालेलं नाही.

तेव्हापासून मी ठसे दोन आठवडे टांगून ठेवते, हवा दमट असेल तर तीन. मग ठशावर कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं जोर लावून घासते. कागदाला पुसटसा डाग आला तरी आणखी चार दिवस. ‘बोट लावून पाहिलं’ ही तपासणी नव्हे, ती स्वतःची समजूत काढणं आहे. बांधताना ठसा आणि समोरचं पान यांच्या मधे पातळ टिश्यू ठेवते ते वेगळंच. शाईवर हेअर ड्रायर फिरवून पाहिला का, असं मला हमखास विचारलं जातं. पाहिला. साय लवकर धरते, म्हणजे फसगतही लवकर होते.

जाता जाता एक गोष्ट, ही मात्र गंमत नाही. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. शाई पुसलेल्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून टोपलीत फेकला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

कागदाचा ग्रेन न बघणं

मला येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर या एका शब्दात असतं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेनं आडवे होतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. कागद ओला झाला की तो ग्रेनच्या दिशेनं जेमतेम ताणतो, ग्रेनला आडवा मात्र चांगला फुगतो. घडीसुद्धा ग्रेनच्या बाजूनं घातली तर सरळ, धारदार बसते. आडवी घातली की काठ फाटल्यासारखा खरबरीत होतो आणि पानं ताठ उभी राहतात. म्हणून आतली पानं, पुठ्ठा, वरचं कापड किंवा कागद, अस्तराचा कागद या सगळ्यांचा ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा. सगळ्यांचा. तीन गोष्टींचा बरोबर आणि पुठ्ठ्याचा आडवा, असं चालत नाही. हा प्रयोग मी करून बसलेली आहे.

यातली मेख साध्या ए-४ कागदात असते. बाजारातल्या बहुतेक ए-४ चा ग्रेन लांब बाजूनं, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या बाजूनं असतो. नवशिके तो मधोमध दुमडून ए-५ ची वही करतात आणि घडी बरोब्बर ग्रेनला आडवी पडते. माझं पहिलं पुस्तक असंच झालं. हातात धरलं की पंख्यासारखं उघडायचं आणि टेबलावर ठेवलं की मिटायला तयार नाही. उपाय सोपा आहे. लांब बाजूनं ग्रेन असलेला ए-३ घ्या आणि ४२० मिलिमीटरची बाजू निम्मी करून कापा. हाती आलेल्या ए-४ चा ग्रेन आता आखूड बाजूनं आहे. तो दुमडला की घडी ग्रेनला समांतर.

ग्रेन ओळखायला मी कागद न दुमडता नुसता वाकवून तळहातानं दाबते, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. ज्या बाजूनं तो कमी कुरकुर करतो, तो ग्रेन. शंका वाटली तर कोपऱ्याचा तुकडा कापून एका बाजूनं ओला करायचा. तो गुंडाळून नळी होतो आणि नळीची लांबी ग्रेनची दिशा दाखवते. मग लगेच पेन्सिलीनं मागे बाण काढून ठेवायचा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

पुठ्ठा एका बाजूनं चिकटवून सोडून देणं

ग्रेन बरोबर असूनही पुठ्ठा वाकला? वरचं आवरण गोंदानं ओलं होऊन फुगतं आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला बाहेर खेचतं. आतून अस्तराचा कागद चिकटवला की तो उलट बाजूला खेचतो आणि हिशोब मिटतो. म्हणजे अस्तर केवळ शोभेला नसतं. दोन्ही बाजू झाल्यावर पुस्तक फळ्यांमधे, वजनाखाली, किमान एक रात्र. अस्तर आणि पान यांच्या मधे मेणकागद घालायचा, नाहीतर ओल आतल्या पानांत उतरते आणि पहिली चार पानं लाटांसारखी होतात. मी टिपकागदही ठेवते आणि झोपायच्या आधी एकदा बदलते. मधे उठून ‘झालं का’ म्हणून उघडून पाहू नका, पुस्तक म्हणजे काही फोड नव्हे.

गोंदाचं म्हणाल तर नुसता पीव्हीए, म्हणजे पांढरा गोंद, मला आवडत नाही. झटकन धरतो, कागद तिरका बसला तर सरकवायला वेळ देत नाही आणि वाळल्यावर सुटत नाही. मी गव्हाच्या पिठाची खळ आणि पीव्हीए निम्मे-निम्मे मिसळते. ओल थोडी जास्त येते, पण दहा सेकंद हाताशी मिळतात. माझ्यासारख्या धांदरटाला ती दहा सेकंदं लागतात.

अक्षरं उलटी कोरायची, हे ‘माहीत असणं’

लिनोवर कोरलेलं छापताना आरशासारखं उलटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत असूनही सगळे एकदा तरी अक्षरं सुलटी कोरतात. तो धक्का बसून गेला, की पुढचा आणि देवनागरीचा खास खड्डा येतो: वेलांटी.

एका शीर्षकात मला ‘दिवस’ हा शब्द कोरायचा होता. उलटा काढला की पहिल्या वेलांटीची उभी रेघ द च्या उजवीकडे जाते आणि ती हुबेहूब दुसरी वेलांटी दिसते. मी उलटा आराखडा नीट उतरवला होता. कोरताना मात्र डोळ्याला ते ‘दी’ खुपायला लागलं. हात थांबला, मेंदूनं शुद्धलेखन तपासलं आणि मी ती रेघ मोठ्या आत्मविश्वासानं डावीकडे घेतली. छापून आलं ‘दीवस’. अख्खा ठोकळा गेला, कारण लिनोत खोदलेलं परत भरता येत नाही.

आता मी अक्षरं ट्रेसिंग पेपरवर सुलटी काढते, कागद पालथा घालते आणि घासून लिनोवर उतरवते. एकदा उतरवलं की डोकं बंद. कोरताना वाचायचं नाही, फक्त रेघ बघायची. शेवटी एकदा आरसा धरून वाचायचं, तेही कोरणी बाजूला ठेवल्यावर.

उरलेल्या, भराभर

बोथट कोरणी धारदार कोरणीपेक्षा जास्त रक्त काढते, कारण ती घसरते. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. लिनो कडक वाटला तर थोडा ऊन करा, मऊ पडतो.

शाई रोलरवर घेतली की कान द्या. बारीक, एकसारखी सळसळ यायला हवी. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे आणि बारीक रेघा बुजणार.

दोन रंग नुसत्या नजरेनं जुळवू नका. जपानी लाकडी ठशांत कागद टेकवायला केंटो म्हणून दोन खाचा करतात, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक सरळ. १७६५ च्या सुमारास तिथे पूर्ण रंगीत ठसे निघू लागले, ते याच खाचांच्या भरवशावर. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चिकटवूनही काम भागतं.

एकच ठोकळा कोरत कोरत एकेक रंग छापणार असाल, तर पहिल्या रंगालाच जास्तीचे कागद छापा. परत फिरायची सोय नाही. मला वीस हवे असतील तर मी अठ्ठावीस छापते, आणि वीस मिळाले तर खूश असते.

शिवताना दोरा पाठीला समांतर ओढा, वर नाही. वर ओढलात की भोक फाटून लांबुळकं होतं. आणि दोरा जाड नको. बारा जुजांना जाड दोरा वापरला तर पाठ फुगून पुस्तक पाचरीसारखं दिसतं.

पुठ्ठा एका घावात कापायचा हट्ट सोडा. हलक्या हातानं सात-आठ वेळा पातं फिरवा, स्टीलच्या पट्टीच्या कडेनं.

आणि ठशांवर अंक (एकूण किती प्रतींतली ही कितवी) घालायची घाई करू नका. क्रमांक पेन्सिलीनं, ठशाच्या खाली, आणि सगळं बांधून, वाळून, तपासून झाल्यावर. मी त्या चोवीस प्रतींच्या ठशांवर छापल्या-छापल्याच, छपाईच्या क्रमानं अंक घालून ठेवले होते. त्यामुळे माझ्याकडे आज २०/२४ ते २४/२४ एवढ्याच प्रती आहेत. बघायला आलेले लोक ते अंक वाचतात आणि कौतुकानं म्हणतात, ‘अरे वा, पहिल्या एकोणीस गेल्या वाटतं?’

मी ‘हो, गेल्या’ म्हणते.