घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग: तंबोरा जुळण्याआधीची तयारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना गाण्याच्या बैठकीला छान, पण रेकॉर्डिंगला अवघड. फरशी दगडाची, भिंती जाड, छत उंच. समोर बसून ऐकताना आपला कान आपोआप गायकाकडे लागतो. मायक्रोफोनला अशी निवड करता येत नाही, भिंतीवरून परत आलेला आवाजही तो तितक्याच इमानाने टिपतो. म्हणून तयारी खोलीपासून सुरू करावी, यंत्रांकडे मागाहून वळावं. ती जमली की नाही हे बघायला एक कसोटी पुरते: हेडफोनमध्ये तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, स्वच्छ ऐकू येते का? बैठकीतला सगळ्यांत नाजूक आवाज तंबोऱ्याचा. पंखा, घुमारा, विजेची गुणगुण, चुकीची मांडणी, यांतलं काहीही बिघडलं की आधी तोच हरवतो.

आठवडाभर आधी, बैठक ज्या वेळी होणार त्याच वेळी त्या खोलीत जा. दारं-खिडक्या लावून दहा मिनिटं गप्प बसा आणि ती शांतता रेकॉर्ड करा. संध्याकाळी सातला देवळातली आरती, ई-रिक्षांचे हॉर्न, लग्नसराईतली वरात, हे सकाळी अकराला गेलात तर कळायचं नाही. मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागे ‘ट्रर्र’ असा फडफडता आवाज आला, तर दोन उघड्या समांतर भिंती तो आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. उपाय सोपा आहे: दोहोंपैकी एक भिंत झाका. पातळ चादर किंवा पडदा मात्र चालत नाही. तो फक्त वरचे, बारीक आवाज शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि गाणं मडक्यातून आल्यासारखं वाटतं. कापसाच्या जाड रजया लागतात, त्याही भिंतीला चिकटवून न लावता चार बोटं अंतर सोडून दोरीवर टांगलेल्या. मध्यम दिवाणखान्याला आठ-दहा रजया पुरतात. खाली सतरंजी, वर गाद्या, त्यांवर जाजम. गाद्या टेंट हाऊसकडून येणार असतील तर आदल्या दिवशीच मागवा, म्हणजे चाचणीच्या वेळी त्या खोलीत असतील. माणसंही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत थोडा जास्त वाटलेला घुमारा तीस श्रोते बसल्यावर बराच उतरतो.

घुमाऱ्याबद्दल इतकं सांगण्याचं कारण या गायकीतच आहे. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीची स्थायी आणि अंतरा सुरुवातीलाच पूर्ण मांडतात, शब्द कळायला हवेत. पुढे टप्पा आला तर त्यातल्या छोट्या, झटपट ताना घुमणाऱ्या खोलीत एकमेकींवर चढतात आणि दाणा उरत नाही. हे नंतर संगणकावर सुटं करता येत नाही.

गायकाची जागा खोलीच्या अगदी मध्यावर नको, उघड्या भिंतीला टेकूनही नको. खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर, पाठीमागे चार-पाच फूट मोकळे, त्यात तंबोरे. बैठक माडीवर असेल आणि जमीन लाकडी असेल तर उठबस स्टँडमधून थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. प्रत्येक स्टँडखाली घडी केलेली गोधडी ठेवा.

आता घरातले आवाज. डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडे रेकॉर्डिंगचा खरा हंगाम, कारण पंखे बंद आणि खिडक्या लावलेल्या चालतात. ब्लोअर असलेला हीटर मात्र नको. तेलाचा हीटर तास-दोन तास आधी लावून खोली ऊबदार करा आणि गाणं सुरू होण्याच्या पुरेसं आधी बंद करा, कारण तापताना-निवताना त्याचा पत्रा टकटक वाजतो. फ्रिज बंद करा आणि घरमालकांनी स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे रात्री तो परत सुरू करायचा राहत नाही. भिंतीवरचं घड्याळ काढा. दिव्यांचे डिमर आणि स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर केबलमधून ‘झर्र’ सोडतात. एकेक दिवा बंद-चालू करून हेडफोनमध्ये ऐकलं की दोषी सापडतो. मंद, जाड ‘हूं’ ऐकू आली तर ती ५० हर्ट्‌झच्या विजेची. दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर लावून एकमेकांना जोडली की ती बऱ्याचदा येते. यावर सरळ मार्ग म्हणजे रेकॉर्डर पूर्णपणे बॅटरीवर चालवणं. वीज गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही, इन्व्हर्टरची गुणगुण तारेत शिरत नाही.

बॅटरीची परीक्षा घरी घ्या. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे रेकॉर्डरकडून मायक्रोफोनला जाणारी वीज, चालू केला की सेल किती भराभर उतरतात, हे डब्यावर लिहिलेल्या तासांवरून समजत नाही. सगळे मायक्रोफोन जोडून, कार्ड घालून, तीन तास खरोखर चालवून बघा. रिचार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. रेकॉर्डरच्या मेन्यूत प्रकार बरोबर निवडला नाही तर उरलेल्या चार्जचा आकडा चुकीचा दिसतो. पॉवर बँक वापरणार असाल तर ती कमी वीज ओढली जाताना आपोआप बंद पडत नाही ना, हेही याच तीन तासांत कळेल.

मायक्रोफोन किती लावायचे? आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करणाऱ्याने दोनच लावावेत आणि ते नीट लावावेत. एकसारखे दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे मायक्रोफोन), त्यांच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, ही ओआरटीएफ नावाची जुनी, फ्रान्सच्या सरकारी रेडिओतून आलेली मांडणी बैठकीला उत्तम. गायकासमोर चार ते पाच फुटांवर, साडेतीन फूट उंचीवर लावा. साधारणपणे गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डावीकडे पेटी असते. त्यांचा तोल मायक्रोफोन वळवून नव्हे, माणसं हलवून साधा. तबला अंगावर येत असेल तर तबलजींना एक वीत मागे सरकण्याची विनंती करा. पेटीच्या भात्याची कुरकुर आदल्या दिवशीच तपासा.

चार चॅनल असतील तर तिसरा मायक्रोफोन गायकाला, तोंडापासून एक ते सव्वा फुटावर, बाजूने आलेल्या बूमवर (स्टँडच्या आडव्या दांडीवर), म्हणजे हातवाऱ्यांची वाट अडत नाही. अर्ध्या फुटाच्या आत गेलात तर कार्डिऑइडमध्ये खालचे स्वर फुगतात. या मायक्रोफोनला ८० हर्ट्‌झचा लो-कट (त्याखालचे आवाज गाळणारा फिल्टर) चालेल, समोरच्या जोडीला नको, डग्ग्याची घुमक तिथेच असते. चौथा तबल्यावर. दोन जवळच्या मायक्रोफोनमधलं अंतर, त्यांच्या आपापल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोघांत शिरून पोकळ होतो. ध्वनीला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागते. समोरची जोडी गायकाच्या मायक्रोफोनपेक्षा चार फूट लांब असेल तर तिथे आवाज सुमारे चार मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्स करताना तेवढं सरकवा आणि कानांनी ठरवा. तंबोऱ्याला वेगळा मायक्रोफोन लागत नाही, भोपळे गायकाच्या पाठीमागे समोरच्या जोडीकडे मोकळे राहिले की पुरे. केबल प्रत्येक मायक्रोफोनला एक आणि वर एक जास्तीची. विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

वाद्यं तासभर आधी खोलीत आणून गवसणीतून बाहेर काढा. थंड अंगणातून ऊबदार खोलीत आल्यावर तारा उतरतात, आणि तबल्याची पुडी कोरड्या उबेत चढते. गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला षड्ज धरणार ते, आधी विचारून ठेवा. काळी एकचा तबला घेऊन आले आणि गाणं काळी चारमध्ये, असं झालं तर रात्री नऊला दुसरा दायां (उजव्या हाताचा तबला) शोधावा लागतो.

लेव्हल घेताना ‘हॅलो, वन टू’ उपयोगाचं नाही. गायकाला तार षड्जावरची एक पुकार आणि तबलजींना जोराची तिहाई वाजवायला सांगा, आणि त्या वेळी शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) द्या. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. हल्ली छोट्या रेकॉर्डरमध्येही ३२ बिट फ्लोट आलं आहे. त्यात लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते, ही मोठीच सोय. पण मायक्रोफोन स्वतःच फाटला तर तो आवाज परत येत नाही, आणि वाईट खोली चांगली होत नाही. ऑटो गेन असेल तर बंदच करा: गायक थांबला की तो तंबोरा वर ओढतो, सूर लागला की दाबतो. व्हिडिओशी जुळायला ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन चॅनलला तासाला साधारण १ जीबी लागतो, चारला दुप्पट. ३२ जीबीचं कार्ड पुरतं, ते रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. कॅमेरा वेगळा चालत असेल तर सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी घ्या. दोन यंत्रांच्या घड्याळांत लाखात एक भागाचा फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एक फ्रेम सरकते.

फोटो काढणाऱ्यासाठी थोडक्यात. फ्लॅश नाही, बीप नाही, फोकसचा लाल दिवा बंद, शटर इलेक्ट्रॉनिक. ट्यूब आणि एलईडी आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे शटर १/१०० ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात. ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, आयएसओ ३२०० पर्यंत, फाइल रॉ. या वेगात तानेतला हात हलतो, समेवर तो क्षणभर थांबतो. ताल मोजत राहा आणि तेव्हा दाबा. पहिली पाच मिनिटं जागेवरून उठू नका.

परवानगी आधी घ्या, लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो, साथीदारांचाही. फक्त संग्रहासाठी, की इंटरनेटवर टाकायला, हे एका ओळीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एका वहीत राग, ताल, बंदिशीचा मुखडा, पट्टी आणि सुरू झाल्याची वेळ टिपत जा. बंदिश कोणाकडून मिळाली हेही गायकाला विचारून लिहा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, तिथल्या शिष्यांकडे आणि इथल्या घरांत एकाच चिजेचे पाठ वेगळे आढळतात. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तो फरक त्या नोंदीवरूनच उमजेल.

रात्रीच दोन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी जाऊ द्या. आवाज साफ करणारी नवी एआय साधनं सांभाळून वापरा: सतत चालणारा सूर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तंबोराच पुसतात. कलाकाराला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून धाडा. दुसरी प्रत उघडून शेवटची पाच मिनिटं ऐकल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.