उन्हाळी मुक्काम आणि कातळारोहण: या चुका टाळा

थंडीत जमलेला बेत तसाच्या तसा मे महिन्यात नेला, की बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते. शनिवारी सकाळी सातला शहर सोडायचं, वाटेत नाश्ता, अकराला पायथा, जेवून दोरावर. सह्याद्रीतल्या तैलबैल्यासारख्या उघड्या कातळभिंतीवर डिसेंबरात हे चालून जातं. मेमध्ये मात्र त्या वेळेला काळा कातळ हात लावू देत नाही. बुटांचं रबर मऊ पडून बारीक पायरीवरून सरकतं आणि घामाने बोटं निसटतात. त्याहून वाईट म्हणजे, उन्हाने शिणलेला माणूस गाठ तपासायचा कंटाळा करतो. म्हणून शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला पोचा. सकाळी सहा ते साडेनऊ चढाई, मग थेट साडेचारनंतर. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर सकाळी सावली असते, पूर्वेकडच्या कड्यावर दुपारनंतर. कडा निवडताना हे आधी बघा.

"टाक्यात पाणी असेलच"

मेअखेर गडावरची बरीच टाकी आटतात, उरलेल्यांत शेवाळ आणि गाळ असतो. गावातल्या विहिरीनेही तळ गाठलेला असतो, तेव्हा विचारल्याशिवाय पोहरा सोडू नका. पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला 5 लिटर धरा. सहा जण, दोन दिवस म्हणजे 60 लिटर. एवढं पाठीवर वाहणं शक्य नाही, म्हणून उन्हाळ्यात मुक्काम खिंडीत न करता गावाजवळ, गाडी पोचेल तिथे करावा.

नुसतं पाणी ढोसत राहणं हीसुद्धा चूक आहे. घामाबरोबर मीठ जातं. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, छोटं 200 मिलीत. अंदाजाने घट्ट किंवा पातळ करू नका. सोबती असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलं, तर उष्माघात धरून चाला. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

अँकर आणि दोर

अँकर म्हणजे दोर ज्याला अडकवायचा तो कातळावरचा पक्का आधार. इथे घाई अजिबात नको. सह्याद्रीचा बसाल्ट थरांचा आहे. दिसायला भक्कम धोंडा मागून सुटलेला असू शकतो. दोर लावण्याआधी मुठीने ठोकून बघा: आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ ढबढब आला तर तो धोंडा सोडा. कातळात ठोकलेल्या जुन्या बोल्टची पट्टी बोटाने फिरत असेल किंवा गंजाचा ओघळ आला असेल, तर त्यावर भार नको.

टॉप रोपमध्ये, म्हणजे वरच्या अँकरमधून दोर खाली सोडून केलेल्या चढाईत, अँकरवर चढणारा आणि बिले देणारा (खालून दोर सांभाळणारा), दोघांचाही ओढा येतो. दोन स्वतंत्र बिंदू घ्या आणि स्लिंगच्या (अँकरला बांधायच्या पट्ट्याच्या) दोन बाजूंमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. तिथे प्रत्येक बिंदूवर साधारण 58 टक्के भार येतो. कोन 120 अंश झाला, की प्रत्येकावर पूर्ण भार. म्हणजे दोन बिंदू घेऊनही फायदा शून्य. कोन मोठा वाटला तर स्लिंग लांब करा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चालता दोर थेट स्लिंगमधून ओवणं. दोर सरकत असतो, स्लिंग जागेवर असते, त्यामुळे घर्षण एकाच ठिकाणी होतं आणि स्लिंग वितळून तुटते. दोर नेहमी कॅराबिनरमधून, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीतून जावा. दोन लॉकिंग कॅराबिनर, तोंडं एकमेकांच्या उलट, दोन्ही स्क्रू बंद. कड्याच्या धारेवर दोर घासत असेल तर अँकर लांबवून कॅराबिनर धारेच्या खाली आणा.

60 मीटरचा दोर दुपदरी केल्यावर 30 मीटरच पुरतो. भिंत 33 मीटर असेल तर आरोहकाला खाली सोडताना दोराचं टोक बिले उपकरणातून निसटतं आणि तो पडतो. जमिनीवरच्या टोकाला गाठ मारली, की हा अपघात होत नाही. फिगर ऑफ एटची (आरोहकाला दोर बांधायच्या गाठीची) उरलेली शेपटी किमान 10 सेंमी ठेवा. प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांचा हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) बकल, गाठ आणि लॉक हाताने चाचपायचे. आपापली गाठ आपणच तपासणं पुरेसं नाही.

दोर गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी टाकू नका. आम्लाची वाफसुद्धा नायलॉन आतून खाते, वरून काही दिसत नाही.

आग्या मोहोळ

आधी दुर्बिणीने कडा न्याहाळा. ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कातळाखाली) लोंबणारी काळपट अर्धगोल पोळी दिसली तर त्या बाजूला जाऊच नका. कड्याखाली चूल, धूर, अत्तर, आरडाओरड, काहीही चालणार नाही. हल्ला झाला तर बिले देणाऱ्याला पळता येत नाही, हीच खरी अडचण. म्हणून त्याने पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि जाळीची टोपी जवळ ठेवावी. आरोहक आधी खाली, मग सगळे लांब पळा. हातवारे करू नका. नांगी नखाने लगेच खरवडून काढा. चेहरा सुजला किंवा धाप लागली तर दवाखाना गाठा.

तंबू आणि चूल

तंबू कड्याच्या पायाशी नको, वानरांच्या धावपळीने दगड सुटतात. वाळल्या गवतावर शेकोटी म्हणजे वणव्याला आमंत्रण. गॅसच्या छोट्या स्टोव्हला चारही बाजूंनी वाऱ्याचा आडोसा केला तर डबा तापून फुटू शकतो. एक बाजू उघडी ठेवा. बूट घालण्याआधी झटका. लाल विंचू चावला आणि घाम, उलट्या सुरू झाल्या तर झाडपाल्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन उपयोगी पडतं, पण ते डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

दुपारी ढग चढू लागले तर वळवाची तयारी ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, तर दोर तिथेच सोडून खाली उतरा. गुहेच्या तोंडाशी किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा कातळाला हात लावू नका, आणि तेव्हाही तो पूर्ण वाळलेला असेल तरच.