इंग्लंडच्या मध्ययुगीन पुढाऱ्याची कुंडली कशी मांडायची (थॉमस चॉसरचं उदाहरण घेऊन)

कुंडली म्हणजे इथे पत्रिका नव्हे, त्या माणसाच्या राजकीय आयुष्याची माहिती. बरेच जण सुरुवातीलाच फसतात, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातला इंग्लिश खासदार घेतात आणि त्याचा पक्ष कोणता, भाषणं कुठली हे शोधत बसतात. तेव्हा पक्ष नव्हते आणि भाषणं जवळपास कुणी लिहूनही ठेवली नाहीत. शोधायचं ते पद, जमीन आणि सोयरीक. उदाहरणाला थॉमस चॉसर घेऊ, कवी जेफ्री चॉसरचा मुलगा. बाप जगप्रसिद्ध, पण राजकारणात पोरगा बापाच्या कितीतरी पुढे गेला, पाच वेळा हाऊस ऑफ कॉमन्सचा स्पीकर!

सुरुवात 'हिस्टरी ऑफ पार्लमेंट'च्या वेबसाइटवरून करा, फुकट आहे, 1386 ते 1421 च्या विभागात खासदारांची एकेकाची चरित्रं आहेत. त्यावरून पदांची यादी काढा आणि प्रत्येक पदापुढे तेव्हा गादीवर कोण होतं ते लिहा. थॉमसचं बघा, 1399 मध्ये हेन्री चौथा राजा होतो आणि त्याच वर्षी हा वॉलिंगफर्ड किल्ल्याचा किल्लेदार, सोबत चिल्टर्न हंड्रेड्सचा कारभारही (हंड्रेड म्हणजे आपल्या परगण्यासारखा भाग; आज ब्रिटिश खासदाराला राजीनामा द्यायचा असला की नावापुरतं हे चिल्टर्नचं किंवा तसंच दुसरं पद घेतात, ती गंमत वेगळी). 1402 पासून तो राजाचा चीफ बटलर. नाव ऐकून ट्रे घेऊन फिरणारा माणूस डोळ्यासमोर आणू नका, बंदरात येणाऱ्या वाइनवर राजाचा जो हक्क असायचा त्याची वसुली या खात्याकडे, म्हणजे चांगलं मलईदार खातं.

आता हे सगळं मिळालं कसं? त्यासाठी आईकडची नाती काढा, हा भाग लोक हमखास सोडून देतात. थॉमसची आई फिलिपा, तिची बहीण कॅथरिन स्विनफर्ड, ही आधी राजपुत्र जॉन ऑफ गाँटची रखेल आणि 1396 मध्ये लग्नाची बायको. गाँटचा आधीच्या बायकोपासूनचा मुलगा म्हणजे हेन्री चौथा, आणि कॅथरिनला गाँटपासून झालेली मुलं ती बोफर्ट आडनावाची, त्यातला हेन्री बोफर्ट पुढे विंचेस्टरचा बिशप आणि चॅन्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री. म्हणजे राजाचे सावत्रभाऊ हे थॉमसचे सख्खे मावसभाऊ, अजून काय पाहिजे! शिवाय बायको मॉड बर्गर्श वारसदार होती, ऑक्सफर्डशायरमधलं यूएल्म गाव तिच्याकडून आलं. यूएल्मच्या चर्चमधल्या त्याच्या थडग्यावर सोयऱ्याधायऱ्यांच्या ढाली ओळीने कोरल्यात, गेलात तर त्या निवांत वाचा, त्याला कुणाचं नातं मिरवायचं होतं ते तिथेच कळतं.

तारखांना मात्र जपून. कागदात सन नसतो, 'हेन्री चौथ्याचं नववं वर्ष' असं असतं, आपल्याकडे राज्याभिषेक शक मोजतात तसंच. हेन्रीचं वर्ष 30 सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून ऑक्टोबर 1407 ची ग्लॉस्टरची पार्लमेंट, ज्यात थॉमस पहिल्यांदा स्पीकर झाला, ती नवव्या वर्षात पडते. त्यात इंग्लंडचं नवं वर्ष तेव्हा 25 मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीची तारीख दिसली की दोनदा तपासा. पैशाचं म्हणाल तर 'मार्क' म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश, नाणं नव्हे, नुसता हिशोबाचा आकडा.

मग मूळ कागद. रोल म्हणजे गुंडाळीवर उतरवलेल्या सरकारी नोंदी. पेटंट रोल्स म्हणजे राजाची उघडी पत्रं, नेमणुका नि बक्षिसं तिथे सापडतात. क्लोज रोल्स म्हणजे घडी घालून मोहोर मारलेली पत्रं. दोन्हींचे इंग्रजी सारांश छापलेत, इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. पार्लमेंटचे रोल बहुतेक फ्रेंचमध्ये, अनुवाद घ्या सरळ. तिथे कधीतरी माणूस दिसतो, जसं 1411 मध्ये थॉमसने स्पीकरची नेहमीची मुभा मागितली, की माझ्या तोंडून काही वावगं गेलं तर सभागृहाला दोष नको, तर राजाने सुनावलं की आधीचे बोलत आले तसं बोल, नवीन फॅडं मला चालायची नाहीत. राजाच्याच नात्यातला माणूस, तरी हे ऐकून घ्यावं लागलं.

थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस मेला की त्या जमिनीची सरकारी चौकशी व्हायची, पंच बसवून, काय होतं आणि वारस कोण. त्यातलं वारसाचं वय '30 आणि वर' असलं ढोबळ असतं, त्यावरून जन्मसाल ठोकून देऊ नका. थॉमस 1434 मध्ये गेला, वारस एकुलती एक मुलगी अ‍ॅलिस. पण तिथे फाइल बंद करू नका, कारण अ‍ॅलिस पुढे सफोकची डचेस झाली आणि तिचा नातू जॉन, लिंकनचा अर्ल, याला रिचर्ड तिसऱ्याने आपला वारस धरला होता असं मानतात. 1487 मध्ये स्टोकच्या लढाईत तो मारला गेला, नाहीतर या चीफ बटलरचा पणतू कदाचित गादीवर बसला असता.