दुधाचे दात पडणारच, मग घासायचे कशाला?

पहिला दात साधारण 6 महिन्यांनी दिसतो, पण त्याआधीपासूनच ओलं सुती कापड बोटाला गुंडाळून हिरड्या पुसायच्या. दात आला की बेबी ब्रश आणि फ्लोराइडवाली पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, 3 वर्षांनंतर वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही! रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं बंद म्हणजे बंद, आजी काहीही म्हणू देत, झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवरच राहतं. मधूनमधून वरचा ओठ उचलून बघा, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते, डेंटिस्टला दाखवा. आणि हो, साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ कायमची असते, दुधाची समजून सोडू नका.