गणपतीतले पाहुणे आणि बुजरी मांजर

गणपतीत वन-बीएचकेमध्ये दिवसभर माणसांची ये-जा असते आणि बुजरी मांजर कपाटामागे जाऊन बसते. बसू द्या. ‘बघ कोण आलंय’ म्हणत ओढून बाहेर काढलंत, तर पुढच्या वेळी बेल वाजताच ती पसार होईल. त्यापेक्षा पाहुणे यायच्या आधीच बेडरूममध्ये तिची सोय करा: आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यात तुमचा न धुतलेला टी-शर्ट, जवळ पाणी आणि लांबच्या कोपऱ्यात लिटर ट्रे, म्हणजे तिचा शी-शूचा ट्रे. आरतीला दार सताड उघडं असतं, मांजर निसटते ती तेव्हाच. म्हणून बेडरूमचं दार लावून घ्या; खिडकीला जाळी नसेल तर खिडकीही.

एरवी ती आपणहून बाहेर आली, तर पाहुण्यांना सांगा की टक लावून बघू नका, वरून हात नेऊ नका. खाली बसून बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं आणि हुंगू द्यायचं. तिने गाल घासला तर हनुवटीखाली खाजवा. शेपटी आपटायला लागली की थांबा. लहान मुलांना हे पटवणं कठीणच, त्यांच्या हातात मोदक द्या.

गर्दी पांगल्यावरही दिवसभर तिने अन्नाला तोंड लावलं नाही, तर मात्र व्हेटला फोन करा.