कॅलिब्रेशन-फ्री लिब्स: या चुका टाळा

लिब्समध्ये लेझरच्या माऱ्याने नमुन्याचा थोडा भाग तापून प्लाझ्मा, म्हणजे आयनित वायू, होतो आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखतात. कॅलिब्रेशन-फ्री प्रकारात 'तुलनेसाठी माहीत घटकांचे प्रमाण नमुने लागत नाहीत, लेझर मारा आणि टक्केवारी घ्या' अशा समजुतीने बरेच जण या पद्धतीकडे वळतात. १९९९ साली पिसाच्या गटाने ती मांडली तेव्हाच अटीही घातल्या होत्या: नमुन्यातलं मूलद्रव्यांचं प्रमाण प्लाझ्मात जसंच्या तसं उतरावं, स्थानिक औष्णिक समतोल असावा (म्हणजे प्लाझ्माच्या त्या भागाचं वर्णन एकाच तापमानाने करता यावं), स्व-शोषण, म्हणजे प्लाझ्माने स्वतःचाच प्रकाश शोषणं, नगण्य असावं. नवशिके थेट गणितावर उडी मारतात.

सगळ्यात जास्त घात स्व-शोषण करतं. एका विद्यार्थ्याकडे पितळेचा तुकडा होता, प्रमाण आधीच माहीत असलेला. उत्तरात तांबं बरंच कमी, जस्त तेवढंच जास्त. तो सॉफ्टवेअरला दोष देत बसला होता. मी वर्णपटातल्या तांब्याच्या ३२४.७५ आणि ३२७.४० नॅनोमीटरच्या रेषा तेवढ्या पाहायला मागितल्या. पहिलीचं क्षेत्रफळ दुसरीच्या दुप्पट हवं. इथे दोन्ही जवळपास सारख्या! या अनुनाद रेषा, म्हणजे अणूच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर संपणाऱ्या. दाट प्लाझ्मात त्यांचा प्रकाश तिथेच शोषला जातो. बोल्ट्झमन आलेखात रेषांची तीव्रता (लॉगॅरिदममध्ये) त्यांच्या वरच्या पातळीच्या ऊर्जेसमोर मांडतात; उतारावरून तापमान आणि आंतरछेदावरून (रेषा उभ्या अक्षाला छेदते त्या बिंदूवरून) मूलद्रव्याचं प्रमाण काढतात. त्यात कमी ऊर्जेकडचे या रेषांचे बिंदू खाली घसरतात, उतार मंदावतो, तापमान फुगतं आणि तांब्याचा आंतरछेद खाली येतो. मग बेरीज १०० करताना जस्त आपोआप चढतं. तरी आर-स्क्वेअर (सरळ रेषा बिंदूंना किती जुळते त्याचं माप) झकास होता, कारण बिंदूंचे दोनच घोळके होते, आणि दोन घोळक्यांतून सरळ रेषा कशीही छान जाते. त्या दोन रेषा वगळून ५१०.५५, ५१५.३२, ५२१.८२ ठेवल्या, वरच्या ऊर्जेची ४६५.११ जोडली, तेव्हा उत्तर ताळ्यावर आलं.

तेव्हापासून अशा रेषांच्या जोड्या तपासल्याशिवाय मी कुणाला आलेख काढू देत नाही. अ‍ॅल्युमिनिअमला ३९४.४० आणि ३९६.१५ पाहा, तिथे दुसरी दुप्पट हवी.

डिटेक्टरची संवेदनशीलता प्रत्येक तरंगलांबीला वेगळी असते. ड्युटेरियम-हॅलोजन दिव्याने दुरुस्ती न करता अतिनील आणि दृश्य रेषा एकाच आलेखात टाकू नका.

लेझर पडल्याबरोबरचा प्रकाश घेऊ नका, त्यात सलग पार्श्वभूमीच जास्त असते.

संक्रमण संभाव्यता (अणूने ती रेषा सोडण्याची शक्यता) निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या कोष्टकातून घेताना शेजारची अचूकतेची श्रेणी वाचा. डी, ई श्रेणीच्या रेषा मी शक्यतो घेतच नाही.

मॅकव्हर्टरचा निकष (प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांची किमान घनता) पुरा झाला म्हणून समतोल सिद्ध होत नाही, तो फक्त आवश्यक निकष आहे.

आणि एखादं मूलद्रव्य वर्णपटात दिसलंच नाही, तर त्याचा वाटा बाकीच्यांत वाटला जातो. ऑक्साइडच्या नमुन्यात ऑक्सिजन विसरलात, तर उरलेला प्रत्येक आकडा फुगलेला असेल.